गाडी कुठे थांबली

३ फेब्रुवारी, सोमवार

शिकवण्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. आजवर हे काम एका चकरेत झालं आहे, म्हणून चहा पिऊन निघालो आणि जेवायला परत येतो असं हिला सांगितलं. खिडकीतल्या मुलीने माझा नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुठेतरी माशी शिंकली हे मला तिथेच कळलं.

माझ्या नावावर वाहतूक न्यायालयात खटला आहे म्हणे. कसला, ते तिच्याकडे दिसत नाही. नुसता आहे एवढंच दिसतं. निकालाचा दाखला आणल्याशिवाय परवाना नवा होणार नाही, आणि तोवर वर्गही बंद ठेवायचे. जुना परवाना मार्चअखेर संपतो. एकदा संपला की पुन्हा परीक्षा, आणि माझ्या वयाच्या माणसाला त्या परीक्षेला बसूच देत नाहीत. म्हणजे तोवर दाखला आला नाही तर मोटार स्कूलचा बोर्ड उतरवायचा. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो आहे. या शहरातले निम्मे ड्रायव्हर माझ्या शिव्या खाऊन तयार झालेत. शिकवण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. हे नम्रपणाने लिहीत नाही, खरंच येत नाही.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नर्सबाईंच्या वेळचं ते चलन असेल, ऑगस्टमधलं. माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. तेव्हा मी भरायला गेलोही होतो. खिडकीवर म्हणाले, इथे दिसत नाही, आणि मी मनातल्या मनात सुटलो समजून घरी आलो होतो.

४ फेब्रुवारी

वर्ग नाहीत. दुपार खायला उठते. ऑगस्टची हकिगत लिहून ठेवतो, कोर्टात कुणी विचारलं तर तोंडाशी असावी.

शिकवण्याच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. त्या दिवशी स्टीअरिंगवर नर्सबाई होती. मी तिला पहिल्या दिवसापासून नर्सबाईच म्हणतो, आहे माझ्या मुलीच्या वयाची. हात हलका, नजर चांगली, पण अचानक काही झालं की गोठणारी. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि ती गोठली. मी ताबडतोब माझा ब्रेक दाबला. तरी एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला आमचा धक्का लागला, तो पडला, कोपर सोलवटलं. तो सिग्नलच्या थांबायच्या रेषेच्या बराच पुढे होता, घाबरून आमच्याच अंगावर आला असणार. कारण गाडी मी रेषेवर थांबवली होती.

हवालदार आला. आमच्या धंद्यात एक रीत आहे, मला ती माझ्या गुरूंनी घालून दिली. पोलीस आला की शिकवणाऱ्याने आधी तोंड उघडायचं आणि म्हणायचं, गाडी माझ्या ताब्यात होती. शिकणाऱ्याचं नाव कागदावर जाऊ द्यायचं नाही. ज्याच्या पहिल्याच कागदावर डाग पडतो तो पुढे जन्मभर मोकळ्या हाताने गाडी चालवत नाही. नर्सबाई काहीतरी बोलायला लागली होती, मी हातानेच तिला गप्प केलं आणि सही ठोकली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाहतूक न्यायालय म्हणजे तीन मजली इमारत, त्यात पहिले दोन मजले तारखांचे आणि वरचा रेकॉर्डचा. रेकॉर्डच्या खिडकीत एक कारकून आहेत, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. त्यांना मी चष्मेवाले म्हणतो. मी नाव सांगितलं तर म्हणाले, नावाने इथे काही सापडत नाही. नावं एकसारखी शंभर असतात, म्हणून त्यांच्याकडे गठ्ठे चौकाप्रमाणे बांधतात. चौक सांगा, महिना सांगा. सांगितला. गाडी रेषेवर थांबली होती हेही सांगितलं. मग आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर होता, पण हातात काही नव्हतं.

हा माणूस माझ्याकडे शिकायला आला असता तर गिअर बदलताना गिअरकडेच बघत बसला असता. पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

तिथे उभा असताना खालचा पहारेकरी माझी एक चप्पल हातात घेऊन वर आला. मधल्या जिन्यात राहिली होती. एवढा जिना एका पायात चप्पल नसताना चढलो आणि पत्ता नाही. डोक्यात खटला असला की असं होतं. रांगेतले लोक हसले, मीही हसलो.

१२ फेब्रुवारी

पुन्हा तेच. ऑगस्टचा गठ्ठा दोनदा सोडून बांधला. चष्मेवाले म्हणतात, कागद सप्टेंबरात घुसला असेल, सोमवारी बघू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी नर्सबाई घरी आली. हिनेच फोन केला असणार. पोरीचं चांगलं झालं आहे. लायसन्स मिळालं, आणि एप्रिलपासून फिरत्या दवाखान्यावर नेमणूक आहे. लांबच्या वस्त्यांवर औषधं घेऊन जायचं आणि व्हॅन स्वतःच चालवायची. अट एकच, लायसन्स स्वच्छ हवं. हे ती सांगत होती तेव्हा मला स्वतःलाच पदक मिळाल्यासारखं वाटलं.

मग म्हणाली, "सर, कोर्टात आपण जे झालं ते सांगून टाकू या का?"

मला भरून आलं. माझा परवाना वाचावा म्हणून ही पोरगी स्वतःची नोकरी पणाला लावायला निघाली होती. मी साफ नाही म्हटलं. रीत म्हणजे रीत, तुझं नाव मी कागदावर येऊ देणार नाही. ती म्हणाली, तसं नाही सर, मी दुसरं सांगत होते. पण मग काय सांगत होती ते तिने सांगितलं नाही. थोड्या वेळाने विचारलं की गाडी कुठे थांबली ते मला आठवतं का. रेषेवर, मी म्हटलं. ती म्हणाली, आपण चौकाच्या पलीकडे होतो, फुलवाल्याच्या दुकानासमोर. "मी ओरडले, सर ब्रेक. तुम्ही म्हणालात, दाबलाय."

बरोबरच आहे, दाबलाच होता. घाबरलेल्या माणसाला अंतराचा अंदाज राहत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. शिकवताना शंभर वेळा पाहिलं आहे.

जाताना तिने माझे पाय बघायला मागितले. आमच्या हिने माझ्या साखरेबद्दल काहीतरी पोटातलं ओठावर आणलेलं दिसलं. मला डोळे मिटायला लावले आणि ती कशाने तरी तळव्याला टोचून विचारायची, आता कळतंय का? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. परीक्षेत गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. डोळे उघडले तर दोघी एकमेकींकडे बघत होत्या. तिने एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. खटल्याचं मिटलं की जाईन म्हटलं.

२० फेब्रुवारी

सप्टेंबरातही नाही. चष्मेवाले आता मला बघितलं की आधीच मान हलवतात.

नर्सबाईच्या बोलण्याने डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून गाडी फिटरकडे नेऊन माझ्या बाजूचा ब्रेक तपासला. रेषेवर थांबूनही धक्का बसला म्हणजे ब्रेकमध्येच थोडं काही असलं पाहिजे. त्याने चारदा दाबून बघितला. म्हणाला, ठणठणीत आहे सर, पेडलवर पाय पडला की गाडी जागच्या जागी उभी राहील. पाय पडला की, म्हणे. पाय पडणार नाही तर कुठे जाणार? फिटर लोकांना बोलायची रीतच नसते.

दिवसभर बुटात खडा होता, हिने मोजा काढला तेव्हा रक्ताने भरलेला. मला दुखलंही नाही. ही त्यावरून रडायला लागली. खड्यावरून कुणी रडतं का? मी चिडलो, आणि मग मलाच वाईट वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाच्या व्हरांड्यात एक वकील घडीच्या टेबलावर बसतात. चेहरा झोपाळू, पण कान तीक्ष्ण. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हातारा जखमी आहे? कोपर सोलवटलं, मी म्हटलं. मग म्हणाले की गुन्हा मान्य केलात तर जखमी प्रकरणात शिकवण्याचा परवाना गेलाच. मुलगी चालवत होती आणि तिने तुमचं ऐकलं नाही असं म्हणा, सुटाल. एवढं सोपं आहे.

मी म्हटलं, ते होणार नाही. ते म्हणाले, मग माझी गरज नाही, आणि पुढच्याला बोलावलं.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कोपऱ्यावरच्या नव्या स्कूलमध्ये माझे तीन विद्यार्थी गेले आहेत, आज त्यातली एक बाई सिग्नलला दिसली. तिने मला बघून मान वळवली आणि गाडी बंद पाडली. क्लच अर्धा सोड म्हणून मी तिला किती वेळा सांगितलं होतं. फूटपाथवर उभा राहून मी मनात अर्धा क्लच सोडत होतो. माझ्या हातात काही राहिलेलं नाही. दिवसभर रांगेत उभं राहायचं आणि एका माणसाने मान हलवली की घरी यायचं, हेच आता माझं काम झालं आहे.

३ मार्च, सोमवार

सापडलं.

चष्मेवाल्यांनी आज मला आत बाकावर बसायला सांगितलं. तिथे दुसऱ्या कुणाला बसवत नाहीत, एवढा मी जुना झालो आहे. दोन्ही चष्मे काढून डोळे चोळत त्यांनी सहज विचारलं, गाडी थांबली कुठे होती? रेषेवर, मी म्हटलं. ते म्हणाले, नक्की ना? कारण त्या चौकाच्या बरोबर मधून हद्द जाते. अलीकडे थांबली तर कागद आमचे, पलीकडे थांबली तर दुसऱ्या न्यायालयाचे. गाडी जिथे थांबते तिथला खटला.

महिनाभर मी इथे उंबरठे झिजवले आणि हा प्रश्न त्यांना आज सुचला. मी त्यांना तसं बोललोही. ते म्हणाले, तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात, रेषेवर.

तसाच उठलो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथल्या रेकॉर्डवर एक ठेंगणी बाई आहे. तिने चौक विचारला, महिना विचारला, आणि मी घाम पुसेपर्यंत फाईल समोर ठेवली. समन्स दोनदा निघालं होतं, दोन्ही वेळा आमच्या जुन्या पत्त्यावर गेलं. फाईलमध्ये हवालदाराने काढलेली आकृती आहे, त्यात आमची गाडी फुलवाल्याच्या दुकानासमोर दाखवली आहे. घाईघाईत काढली असणार, या लोकांना अंतराची पर्वा कुठे असते. असो, सापडलं हे महत्त्वाचं. अठराची तारीख मिळाली.

घरी येताना जीव भांड्यात पडला होता. हिला सांगितलं तर नुसतं 'बरं' म्हणाली.

१० मार्च

घरात भांडण झालं. आमच्यात भांडणं होत नाहीत, ही बोलत नाही आणि मी बोलतच राहतो, त्यामुळे जमून जातं. आज ही बोलली.

"अहो, मान्य करून टाका. परवाना गेला तर जाऊ दे."

मला कानांवर विश्वास बसेना. महिनाभर मी ज्याच्यासाठी दारोदार हिंडतो आहे ते जाऊ दे म्हणते. विचारलं, मग मी करू काय, गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे इंडिकेटर तपासू? ती म्हणाली, बसा गॅलरीत, निदान बसलेले दिसाल. मी म्हटलं, तुला मी घरात डांबलेला हवा आहे. ती उठली, तोंडाला पदर लावून आत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज आला, हळू बोलत होती. कुणाशी ते मी विचारलं नाही.

आपल्या घरात आपल्याच बाजूचं कुणी नाही असं वाटणं वाईट.

१८ मार्च, मंगळवार

न्यायाधीशबाई तरुण आहेत. आवाज मऊ, पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत डोळे हलत नाहीत. गाडी चांगली चालवत असणार.

पुकारा झाला तेव्हा मागच्या बाकावर नर्सबाई दिसली, थेट ड्यूटीवरून आलेली, गणवेशातच. मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या शेजारी आमची ही.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, गाडी तुमच्या ताब्यात होती? होती. ब्रेक दाबला होता? दाबला होता. मग त्यांनी ती आकृती उचलून धरली आणि विचारलं की ब्रेक दाबल्यावर गाडी अख्खा चौक ओलांडून पलीकडे कशी गेली?

आकृती चुकीची आहे असं सांगायचं मी घरून ठरवून आलो होतो. पण आकृतीखाली म्हाताऱ्याची सही होती, फुलवाल्याची सही होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सव्वीस वर्षं मी बोलत आलो, ब्रेक, क्लच, आरसा बघ, आणि आज उभा राहिलो तो नुसता उभाच. किती वेळ गेला कोण जाणे. त्या वाट बघत होत्या. मागे कुणीतरी खोकलं.

तेव्हा नर्सबाई उठली. तिने एकदा आमच्या हिच्याकडे बघितलं, हिने मान खाली घातली.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली. "सरांनी ब्रेक दाबला होता, मी घाबरून ॲक्सिलरेटरवर पाय दिला. म्हणून गाडी थांबली नाही. सरांनी माझ्यासाठी स्वतःचं नाव दिलं."

मी तिला हाताने नको म्हणत होतो. हाताने म्हणत होतो, तोंडाने नाही, हे इथे तरी लिहायला हवं. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, परिणाम माहीत आहेत ना? माहीत आहेत म्हणाली. तिचा जबाब शपथेवर झाला. माझ्यावरचा ठपका काढला आणि तिचं लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. सगळं एवढ्या पटकन झालं की मी अजून पिंजऱ्यातच उभा होतो, शिपायाने मला खाली उतरा म्हणून सांगितलं.

बाहेर मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "मी दुसरंच बोलायला आले होते, सर. तुम्हाला तसं उभं बघितलं आणि मला ते बोलवेना. आता माझं एक ऐका. आधी डॉक्टर, मग गाडी." मी हो म्हटलं.

दुसरं काय बोलायला आली होती कोण जाणे. पण खरं बाहेर आलं. ॲक्सिलरेटरवर पाय, मला तेव्हाच वाटलं होतं. मी ते बोललो नसतो, तिने आपणहून सांगितलं हे तिचं मोठेपण. मला हलकं वाटतं आहे आणि हलकं वाटण्याची लाजही वाटते आहे.

२४ मार्च, सोमवार

परवान्यावर शिक्का बसला. खिडकीतली तीच मुलगी आज हसली. बोर्ड पुसून काढला.

फिरत्या दवाखान्याची नेमणूक नर्सबाईची गेली, हिने सांगितलं. दुसऱ्या कुणाला दिली. ती आहे तिथेच वॉर्डात राहणार. फार वाईट वाटलं. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करेल, हात चांगला आहे तिचा. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जाईन. या आठवड्यात वर्ग सुरू करायचे आहेत, दोन महिन्यांची माणसं तुंबली आहेत.

२७ मार्च, गुरुवार

पहिला विद्यार्थी एक शिंपी, पन्नाशीचा, भित्रा नाही पण जपून वागणारा. शाळेच्या बाजूचा उतार घेतला. खाली शाळा सुटली होती आणि पोरं रस्त्यावर सांडली होती. मी म्हटलं, ब्रेक. त्याला पेडल सापडेना. मी माझा दाबला.

गाडी जातच राहिली.

तो ओरडला, सर, ब्रेक. मी म्हटलं, दाबलाय. आणि मी दाबत होतो. मांडीपासून जोर लावून दाबत होतो, पाठ सीटला टेकली होती. शिंप्याने हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होऊन थांबली. एक मुलगी दप्तर छातीशी धरून बॉनेटसमोर उभी होती. तिला काही झालं नाही. तिला काही झालं नाही, हे मी दोनदा लिहितो आहे.

शिंपी माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, खाली बघत होता. मीही बघितलं. माझा पाय पेडलच्या शेजारी जमिनीवर होता आणि सगळ्या ताकदीने जमीन दाबत होता.

मी तो बघून उचलला आणि पेडलवर ठेवला. मग समोर बघितलं. समोर बघितल्यावर पाय कुठे आहे ते मला सांगता येईना.

त्याला म्हटलं, आजचा वर्ग संपला. गाडी तिथेच कडेला लावून चालत आलो.

२८ मार्च

हिला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही, तेच जास्त लागलं.

"तुला माहीत होतं?"

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. नर्सबाईने त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं होतं की तिचा पाय क्लचवर गोठला होता, ॲक्सिलरेटरवर नव्हताच, गाडी आपल्या वेगाने जात राहिली आणि माझा पाय नुसता खाली आपटत होता. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? "सांगितलं, तिनेही आणि मीही, किती तऱ्हांनी सांगितलं," ती म्हणाली. मी आठवून बघितलं. सांगितलं होतं.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, साखरेने पायातली गेलेली जाणीव परत येत नाही, आहे ती जपा.

२९ मार्च, शनिवार

नर्सबाईला भेटायला वॉर्डात गेलो. तिच्या हातात सलाईनची बाटली होती, ती टांगून झाल्यावर आली. मी म्हटलं, कोर्टात जाऊ, मी सगळं सांगतो, माझा पाय होता म्हणून सांगतो. ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. मग म्हणाली, "सर, मी शपथेवर बोलले आहे. आता ते खोटं होतं म्हणाले तर ही नोकरीसुद्धा जाईल."

तिने विचारलं, डॉक्टरांकडे गेला होतात का? गेलो होतो म्हटलं. बरं झालं म्हणाली, आणि मोजे सुती वापरा, रोज रात्री तळवे बघत जा, असं सगळं सांगत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१ एप्रिल, मंगळवार

परवाना काल त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. नकोय म्हटल्यावर खिडकीतली मुलगी गोंधळली, चालू परवाना परत कुणी देत नाही म्हणाली.

आज त्या दुसऱ्या न्यायालयात गेलो. नर्सबाईचं नाव न काढता, तिला खोटं न पाडता, नुसती माझ्या पायाची गोष्ट तिथे कुठेतरी नोंदवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. मी पाय ठेवायला चुकलो, एवढं एक वाक्य. अर्ज लिहून नेला होता. ठेंगण्या बाईने वाचला आणि परत दिला. प्रकरण निकाली निघालं आहे म्हणाली. मी विचारलं, अपील? अपील ज्याच्यावर ठपका आहे तो करतो. तुमच्यावर ठपका नाही.

मी म्हटलं, तेच चुकलं आहे.

तिने एकवार माझ्याकडे नीट बघितलं. मागे रांग होती, तरी ती उठली, फाईल काढून आणली आणि शेवटचं पान उघडून बोट फिरवत खाली आली. नर्सबाईचं नाव त्या पानावर जागोजाग होतं. माझं एकदाच होतं.

"हे बघा, गाडीत शेजारी बसलेले, एवढंच आहे," ती म्हणाली. "त्यापुढे तुमच्याबद्दल काही नाही."

मी विचारलं, त्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही का?

"आता काय लिहिणार, काका? शेजारी बसलेल्याने काही केलेलं नसतं."

तिने फाईल मिटली आणि माझ्या मागच्या माणसाला चौक विचारला. मी अर्ज खिशात घातला आणि खाली बघत, एकेक पायरी बघत, जिना उतरलो.